डबीचं झाकण एकाच जागी बसतं, फिरवलं की अडकतं. मीटर तर ११ टक्के दाखवत होता!

डबीवाला:

नमस्कार मंडळी. लेथ, म्हणजे लाकूड फिरवत कातायचं यंत्र, घेऊन दीड वर्ष झालं, पण झाकणाच्या डब्या कातायला लागलो ते गेल्या चार महिन्यांत. एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारतोय.

सागवानाचा ९० × ९० मिमीचा, २०० मिमी लांब ठोकळा होता. दोन्ही टोकांना मेण लावून १४ महिने फळीवर ठेवला होता. कातायच्या आधी लाकडातला ओलावा टक्क्यांत दाखवणाऱ्या पिनांच्या मॉइश्चर मीटरने चारही बाजूंनी तपासला. ११, ११, १०.५, ११. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे लाकूड हवेच्या बरोबरीला आलं असं धरून मी निर्धास्त झालो आणि एका बैठकीत डबी पूर्ण केली. बाहेरचा व्यास ७६ मिमी, तोंडाचा आतला व्यास व्हर्नियरने मोजून बरोबर ६४. झाकण इतकं छान बसलं होतं की उचलताना आत हवा ओढल्याचा बारीक आवाज यायचा. आतून-बाहेरून तेल लावलं आणि बहिणीला द्यायची म्हणून बाजूला ठेवली.

तीन आठवड्यांनी काढली तर झाकण बसेना. हळूहळू फिरवत गेलो तेव्हा एका जागी सरकन आत गेलं. तिथून पाव वळसा फिरवलं की घट्ट. अर्धा वळसा पूर्ण झाला की पुन्हा मोकळं.

मीटर खोटं बोलतोय का? की सागवानातच काही दोष असेल? सागवान हलत नाही असंच आजवर ऐकत आलोय. अशाच मापाचा, त्याच ओंडक्यातून निघालेला दुसरा ठोकळा शिल्लक आहे, त्याला हात लावायची आता भीती वाटतेय.

रंधा:

९० मिमी म्हणजे साडेतीन इंच. इंचाला एक वर्ष हा जुना हिशेब आहे. १४ महिन्यांत तो ठोकळा आतपर्यंत वाळलाच नसणार. आणखी दोन वर्षं थांबायला हवं होतं.

पटाशी:

डबीवाला, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: "पाव वळसा फिरवलं की घट्ट, अर्धा वळसा पूर्ण झाला की पुन्हा मोकळं." झाकण नुसतं लहान-मोठं झालं असतं तर ते सगळीकडे घट्ट नाहीतर सगळीकडे ढिलं झालं असतं. अर्ध्या वळशाला पुन्हा बसतंय, याचा अर्थ डबीचं तोंड आणि झाकण दोन्ही लंबगोल झालेत, आणि दोघांचे लंबगोल जुळले की झाकण बसतं. कातून झाल्यावर लाकडातून पाणी गेल्याची ही खूण आहे.

लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. वाढीच्या कड्यांना समांतर, म्हणजे कड्यांच्या कडेकडेने, ते सगळ्यात जास्त आकसतं. गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मं. लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंत सागवान कड्यांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसतं. इतर पुष्कळ लाकडांच्या मानाने हे आकडे लहान आहेत, म्हणून सागवान स्थिर मानलं जातं. पण अजिबात हलत नाही असं लाकूड नसतं. आणि झाकणाच्या फटीला ०.१ मिमीसुद्धा पुष्कळ होतो.

एक काम करा. तोंडाचा आतला व्यास दोन दिशांनी मोजा, एकदा कड्यांना समांतर आणि एकदा कड्यांना काटकोनात. मोजल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

डबीवाला:

मोजलं ताई. कड्यांना समांतर ६३.४, काटकोनात ६३.७. तुम्ही म्हणालात तसंच, कड्यांच्या दिशेने कमी भरतंय.

पटाशी:

मग हिशेब जुळतो. लाकडातलं मोकळं पाणी निघून गेलं आणि फक्त पेशींच्या भिंतींत मुरलेलं पाणी उरलं की तिथे ओलावा साधारण ३० टक्के असतो. त्याच्या वर लाकूड वाळतं पण आकसत नाही. आकसणं सुरू होतं ते ३० च्या खाली. म्हणजे सागवानाचे ते ५.८ टक्के या ३० टक्क्यांत वाटले तर ओलाव्याच्या दर टक्क्याला ०.१९ येतात, आणि काटकोनातल्या दिशेला ०.०८. तुमचं तोंड ६४ वरून ६३.४ वर आलं, म्हणजे जवळजवळ १ टक्का कमी झालं. मागे मोजत गेलं तर कातताना त्या भिंतीत ११ नव्हे, १६ टक्क्यांच्या आसपास ओलावा असणार.

मीटर खोटं बोलला नाही. त्याला जेवढं दिसलं तेवढं त्याने सांगितलं. पिनांचा मीटर दोन पिनांमधला विद्युतरोध मोजतो. सागवानासारख्या लाकडात हाताने दाबून पिना जेमतेम दोन-तीन मिलिमीटर शिरतात. बाहेरचा तो दोन-तीन मिलिमीटरचा थर खरोखरच ११ टक्क्यांवर होता. ठोकळ्याचं अंग तुमच्या खोलीच्या हवेशी बरोबरीला आलेलं, पोट नाही. आणि डबीची भिंत कुठून निघाली ते बघा: ९० मिमीच्या चौकोनात ७६ आणि ६४ ची वर्तुळं काढली तर ती भिंत बाजूंच्या मध्यावर ७ मिमी खोल सुरू होते आणि कोपऱ्यांच्या रोखाने २२ मिमी खोलपर्यंत जाते. तुम्ही मोजलेला थर पहिल्या पाच मिनिटांत कीस होऊन जमिनीवर पडला. जे लाकूड डबी झालं, ते मोजलंच गेलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या ठोकळ्याला हात लावाच. तो मधोमध आडवा कापा. टोकाकडून नको, टोकं नेहमी जास्त वाळलेली असतात. मधून १० मिमीची एक चकती काढा. करवतीचा गरमपणा जाईपर्यंत थांबू नका. कापल्या कापल्या लगेच ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या आणि ते चकतीवरच पेन्सिलीने लिहा. मग ताज्या कापावर कडेला, १५ मिमी आत आणि मध्यावर पिना टोचून बघा. हे आकडे एकमेकांशी ताडून बघायला चांगले, पण कापलेल्या टोकात टोचलेले असल्यामुळे त्यांना अखेरचं मानू नका. अखेरचं उत्तर ओव्हन देतो. १०३ अंश सेल्सिअसला चकती ठेवा, अधूनमधून वजन घ्या, आणि लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला की थांबा. रात्रभर ओव्हन चालू ठेवून झोपू नका, दोन दिवस लागले तरी चालतील. ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले १००. भागायचं ते कोरड्या वजनाने. इथे बरेच जण चुकतात, ओल्या वजनाने भागतात आणि आकडा कमी येतो.

रंधा, तुमचा निष्कर्ष बरोबर निघाला, पण इंचाला एक वर्ष या हिशेबावर मी भिस्त ठेवत नाही. कोणतं लाकूड, हवा किती कोरडी, वारा लागतो का, टोकांना मेण आहे का, ठोकळा अखंड आहे की पोकळ, यातलं काहीच तो हिशेब विचारत नाही. आणि दमट खोलीत लाकूड दहा वर्षं ठेवलं तरी ते त्या खोलीच्या हवेपेक्षा कोरडं होत नाही. २५ अंशांच्या आसपास हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड ९ टक्क्यांवर जाऊन थांबतं, ६५ असेल तर १२ वर, ८० असेल तर १६ वर. किती वर्षं झाली याच्यापेक्षा ते कुठल्या हवेत होतं आणि पुढे कुठल्या हवेत राहणार आहे, हे मला आधी कळायला हवं असतं.

रंधा:

मान्य. हवेचं मी धरलंच नव्हतं.

डबीवाला:

ताई, कापला. मन घट्ट करून कापला. मीटर: कडेला ११, १५ मिमी आत १६, मध्यावर १९. चकतीचं वजन ५७.५ ग्रॅम. दोन दिवस ओव्हनमध्ये घालून-काढून शेवटी ५०.० वर स्थिर झालं. म्हणजे १५ टक्के. बाहेरून ११ दाखवणाऱ्या ठोकळ्याच्या पोटात एवढं पाणी असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी उगाचच सागवानाला बोल लावला.

आता राहिलेल्या दोन तुकड्यांचं काय करू? आणि ती डबी गेलीच का?

पटाशी:

डबी गेली नाही, आणि तुकडेही कामाचे आहेत.

आधी तुकडे. अखंड ठेवून वाट बघत बसू नका. डबीची कच्ची कातणी करा. अंग आणि झाकण वेगळे करा, दोन्ही आतून पोखरा, आणि भिंत हवी त्यापेक्षा ५-६ मिमी जाड ठेवा. चकात (लेथच्या लाकूड पकडणाऱ्या जबड्यात) धरायची खुंटीही जाड ठेवा, कारण तीही लंबगोल होणार आणि पुढे ती पुन्हा गोल करावी लागणार. पोट पोखरून काढलं की पाण्याला बाहेर पडायला लांबचा रस्ता राहत नाही. वर्षाची गोष्ट काही आठवड्यांवर येते. दोन्ही भागांवर तारीख आणि वजन लिहा. आठवड्यातून एकदा तोलत जा. लागोपाठ तीन आठवडे वजन हललं नाही की ते लाकूड तुमच्या खोलीच्या हवेला पोचलं. मग अंतिम कातणी करा.

आणि डबी. तिलाही आजच तोला. वजन थांबेपर्यंत झाकण न लावता उघडी ठेवा. तेल लावलेलं आहे म्हणून पाणी हळू जाईल, पण जाईल. थांबल्यावर अंग चकात धरा, तोंड आतून हलक्या हाताने पुन्हा गोल करा, ०.३ मिमीचाच प्रश्न आहे आणि भिंत ६ मिमी आहे. तोंड थोडं मोठं होईल. मग झाकणाची आत शिरणारी मान नव्या तोंडाला जुळवायला गेलात तर ती लहान पडेल, म्हणून त्या मानेवर एक पातळ कडं चिकटवून मग ते कातून जुळवा. वेगळ्या रंगाच्या लाकडाचं घेतलंत तर मुद्दाम केल्यासारखं शोभेल.

ओलाओंडका:

मला वाडगे करायचे असतात, तेही ताज्या तोडीच्या लाकडातून. मी पिनांऐवजी नुसता टेकवायचा मीटर घेतला, लाकडाला भोकं पडू नयेत म्हणून. त्यावर काय भरवसा ठेवावा? आणि ताज्या ओंडक्यावर तो वाट्टेल ते आकडे दाखवतो.

पटाशी:

टेकवायचा मीटर खोलवर बघतो, बऱ्याच मीटरांची पोच २० मिमीच्या आसपास असते. पण त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे लाकडाची घनता ठाऊक असणं, कारण जड लाकूड त्याला ओलं वाटतं. दुसरी म्हणजे सपाट जागा, जिथे त्याची पूर्ण पट्टी टेकेल. वाडग्याच्या वळणावर ती टेकत नाही. भिंत पोचेपेक्षा पातळ असेल तर त्याला पलीकडची हवा, नाहीतर तुमचा हात दिसतो. धातूच्या टेबलावर ठेवून मोजलंत तर तेही मोजण्यात येतं. फळ्या घेताना मी तोच वापरते. वाडग्यांना नाही.

ताज्या ओंडक्यावर मात्र कुठलाच मीटर धड चालत नाही. ३० टक्क्यांच्या वर पिनांचाही आकडा भरवशाचा राहत नाही. पिनांच्या मीटरवर लाकडाची जात निवडायची सोय असेल तर ती निवडा. नसेल तर तो बहुधा डग्लस फर या लाकडावर बेतलेला असतो, तुमच्या लाकडाला तो एक-दोन टक्के इकडेतिकडे दाखवेल.

मला हे सगळं एका आंब्याच्या वाडग्याने शिकवलं. त्याआधीचे दोन वाडगे मी घाई करून पंख्याखाली ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाच्या काठापासून तळापर्यंत बोट जाईल एवढी चीर. दुसऱ्यात मी ओंडक्याचा मधला बिंदू तसाच ठेवला होता, तो त्या बिंदूपासून चहूकडे तारा फुटावा तसा फुटला. रडू आलं होतं मला. झाड ओळखीच्या अंगणातलं होतं, वादळात पडलेलं, आणि त्यांनी आठवण म्हणून काहीतरी कर असं सांगून दिलं होतं.

तिसऱ्या वेळी मधला बिंदू पूर्ण कापून टाकला. २५ सेंटीमीटर व्यासाचा वाडगा कच्चा कातला, भिंत सगळीकडे २५ मिमी. व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे लंबगोल झाला तरी त्यातून गोल निघतो. सगळीकडे सारखी जाडी हवी, जाड-पातळ झालं की पातळ भाग आधी वाळतो, आकसतो आणि जाड भाग त्याला अडवतो, तिथेच तडा जातो. मीटर टोचला तर ३८ टक्के. त्याच ओंडक्याचा तुकडा ओव्हनमध्ये वाळवला तर निघाले ६२ टक्के. तेव्हापासून ओल्या लाकडात मी मीटर काढतच नाही.

वाडग्याचं वजन होतं १४८० ग्रॅम. आता गंमत बघा, एकदा ६२ टक्के कळले की वाडगा न कापता त्याचं कोरडं वजन काढता येतं. १४८० भागिले १.६२, म्हणजे ९१३.६. तो जिथे राहणार तिथे हवेची आर्द्रता ६५ च्या आसपास, म्हणून त्याला १२ टक्क्यांवर जायचं. ९१३.६ गुणिले १.१२, म्हणजे १०२३. हा आकडा तळाला पेन्सिलीने लिहिला आणि त्याच्याभोवती चौकोन काढला.

लाकडाच्या उभ्या रेषांची टोकं बाहेर येतात त्या दोन बाजूंना मेण लावलं, कारण पाणी तिथून आडव्या बाजूपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने पळतं. त्याच्याच किसात गुंडाळून कागदी पिशवीत ठेवला. प्लॅस्टिकची नको, बुरशी धरते. पिशवी फुलांच्या कुंडीसारखी जमिनीवर, खिडकीपासून लांब. पहिला आठवडा: १३१२. महिन्याला: ११२९. दोन महिन्यांनी १०५८, तीन महिन्यांनी १०३१. पहिल्या महिन्यानंतर कीस बदलला, तो ओलसर झाला होता आणि त्याला आंबूस वास येत होता. चार महिन्यांनी १०२६, पुढच्या आठवड्यांत १०२५ आणि तिथेच थांबला. चौकोनातल्या आकड्यापेक्षा दोन ग्रॅम जास्त.

काढला तेव्हा तो डोळ्यांनी दिसेल इतका लंबगोल होता, एका बाजूने तोंड जवळजवळ सेंटीमीटरने कमी. पण एकही तडा नाही. खुंटी गोल केली, उलटवला, आणि कातताना किसाचा आवाज बदललेला ऐकू आला. ओल्या लाकडाचा कीस लांब, लवचीक, हाताला गार लागतो, आणि तोंडावर पाणी उडतं. वाळलेल्याचा कोरडा खसखसतो आणि चुरा होतो. तो वाडगा त्या घरी आहे. झाकण नाही, जुळवायचं काही नाही, त्यामुळे हवेबरोबर थोडा श्वास घेतला तरी कुणाला कळत नाही. डबीला ती मुभा नाही.

ओलाओंडका:

चौकोनातल्या आकड्याची गोष्ट कळली. म्हणजे ओंडका कापतानाच एक चकती ओव्हनसाठी बाजूला काढायची. मी ती फेकून देत होतो. मायक्रोवेव्हमध्ये वाळवली तर?

पटाशी:

छोटा तुकडा, सगळ्यात कमी शक्तीवर, एका वेळी मिनिटभर, मध्ये गार होऊ देऊन वजन. होतं. पण आतून जळतो आणि बाहेरून कळत नाही. धुराचा वास आला तर तो तुकडा टाकून द्या. जळालं की लाकडाचंच वजन कमी होतं आणि ओलावा खोटाच जास्त येतो. शिवाय स्वयंपाकाच्या यंत्रात नको, लाकडाचा वास आत बसतो.

डबीवाला:

सात आठवडे झाले, म्हणून कळवतो.

दोन तुकड्यांपैकी एकाची कच्ची कातणी केली. अंगाचं वजन पहिल्या दिवशी १९४ ग्रॅम, आता १८७, आणि गेले तीन आठवडे १८७ च. तोंड कड्यांच्या दिशेने कमी भरतंय, म्हणजे पहिल्या डबीने तीन आठवड्यांत जे केलं तेच यानेही केलं, फक्त यावेळी ५ मिमी हाताशी आहेत. दुसरा तुकडा मुद्दाम अखंड ठेवलाय. त्यावरही वजन लिहिलंय, बघायचंय त्याला किती महिने लागतात ते.

जुनी डबीही थांबली. तोंड गोल केलं, ६४.१ झालं. झाकणाला शिसवीचं पातळ कडं चिकटवून कातलं. काल बहिणीच्या हातात दिली. तिने झाकण लावलं, काढलं, मग बोटाने गोल गोल फिरवत बसली. कुठेच अडकलं नाही. काळं कडं कशासाठी ते विचारलं नाही, छान दिसतंय एवढंच म्हणाली. तळाला आतल्या बाजूला पेन्सिलीने वजन लिहून ठेवलंय, तेही तिने अजून पाहिलेलं नाही.